ग्रहण : लागणे आणि सुटणे

ग्रहण हा शब्द मराठीत दोन क्रियापदांच्या आधाराने उभा आहे, आणि क्रियापद बदलले की त्याचा अर्थ तोंड फिरवतो. विद्यार्थी विद्या ग्रहण करतो, विवाहात पाणिग्रहण होते, नव्या मंत्र्यांचे शपथग्रहण होते. या सगळ्यांत घेणारा आपण होऊन घेतो आणि घेतल्याने वाढतो. सूर्याला किंवा चंद्राला मात्र ग्रहण लागते. तिथे तो घेणारा नसतो, घेतला जाणारा असतो. एकच शब्द शाळेच्या प्रगतिपुस्तकात ‘ग्रहणशक्ती चांगली’ म्हणून येतो आणि त्याच दिवशीच्या वर्तमानपत्रात ‘पुलाच्या कामाला ग्रहण’ म्हणूनही येतो. वाचणाऱ्याचा कुठेही गोंधळ होत नाही.

मूळ धातू ‘ग्रह्’, म्हणजे धरणे, पकडणे. संग्रह, आग्रह, निग्रह, अनुग्रह, पूर्वग्रह ही त्याचीच संतती. दुकानाच्या पायरीवर उभे राहणारे गिऱ्हाईक हे ग्राहकाचेच झिजलेले रूप, आणि ग्रहणाला जुनी माणसे म्हणत ते ‘गिराण’ही याच घरातले. आयुर्वेदात लहान मुलांच्या काही आजारांना बालग्रह म्हटले आहे, कारण बाळाला काहीतरी अदृश्य येऊन धरते अशी समजूत होती. आकाशातल्या ग्रहांच्या नावामागेही ही धरण्याचीच कल्पना सांगितली जाते.

‘लागणे’ हे क्रियापद तर मराठीचे खास. भूक लागते, वेड लागते, दृष्ट लागते, आग लागते, कीड लागते. ज्याला हे लागते तो वाक्यात ‘ला’ प्रत्यय घेऊन बसतो आणि त्याच्या हाती काही नसते. ‘ग्रहण लागणे’ हा प्रयोग भाषेत दृष्टीच्या आणि किडीच्या शेजारी जाऊन बसला, आणि त्याचा लाक्षणिक अर्थ पुष्कळसा या शेजाराने घडवला. धान्याला कीड लागते तसे कारभाराला ग्रहण लागते. या उपमेत आकाश जवळजवळ उरलेले नाही. पोखरले जाणे तेवढे उरले आहे.

आकाशातली घटना कीड लागण्यासारखी मुळीच नाही. सूर्याचा व्यास चंद्राच्या सुमारे ४०० पट आहे आणि सूर्याचे अंतरही चंद्राच्या अंतराच्या सुमारे ४०० पट. या योगायोगामुळे दोघांची बिंबे पृथ्वीवरून जवळजवळ सारख्या आकाराची दिसतात. अमावास्येला चंद्र नेमका आड आला की सूर्यग्रहण, पौर्णिमेला चंद्र पृथ्वीच्या सावलीत शिरला की चंद्रग्रहण. चंद्राची कक्षा सूर्याच्या भासमान मार्गाशी सुमारे पाच अंशांनी कललेली असल्याने दर महिन्याला हे घडत नाही. दोन्ही मार्ग जिथे छेदतात त्या बिंदूंच्या, म्हणजे पातांच्या जवळ अमावास्या किंवा पौर्णिमा व्हावी लागते. या दोन पातांनाच पुढे राहू आणि केतू ही नावे मिळाली. खग्रास सूर्यग्रहणातला पूर्ण अंधार एका ठिकाणी साडेसात मिनिटांच्या आसपासच्या मर्यादेत असतो, बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटेच. चंद्रग्रहणाची खग्रास स्थिती मात्र पावणेदोन तासांपर्यंत टिकू शकते. अठरा वर्षे आणि सुमारे अकरा दिवसांनी त्याच जातीचे ग्रहण पुन्हा येते. इतकी नेमकी, इतकी अल्पकालीन आणि इतकी निरुपद्रवी घटना आकाशात दुसरी शोधूनही सापडणार नाही. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहणे धोक्याचे, पण तो सूर्याचा गुण, ग्रहणाचा नव्हे.

या घटनेची मराठीतली शास्त्रीय परिभाषा मात्र शास्त्राआधीच्या कथेतून आलेली आहे. ग्रहणाच्या सुरुवातीला स्पर्श म्हणतात, बिंब पूर्ण झाकले गेले की संमीलन, पुन्हा दिसू लागले की उन्मीलन आणि शेवटी मोक्ष. झाकलेल्या भागाला ग्रास, म्हणजे घास. सगळे बिंब गिळले तर खग्रास, अर्धेमुर्धे गिळले तर खंडग्रास. ग्रस्त स्थितीत उगवले तर ग्रस्तोदित, मावळले तर ग्रस्तास्त. घास घेणारा राक्षस गणितातून केव्हाच गेला, तरी त्याच्या घासाची लांबी अंगुळांत मोजण्याची रीत ज्योतिषग्रंथांत शतकानुशतके चालत राहिली. वाच्यार्थ आधी आणि लक्ष्यार्थ नंतर, असा जो क्रम शब्दांच्या इतिहासात गृहीत धरला जातो, तो इथे लागू पडत नाही. ग्रहण हा शब्द रूपक म्हणून जन्मला, संज्ञा म्हणून वाढला आणि पुन्हा रूपक झाला.

पहिले रूपक फार जुने आहे. ऋग्वेदाच्या पाचव्या मंडलात स्वर्भानू नावाचा असुर सूर्याला अंधाराने भेदतो आणि अत्री ऋषी सूर्याला पुन्हा शोधून काढतात. पुराणांत हा असुर राहू झाला: समुद्रमंथनानंतर देवांच्या पंगतीत शिरून अमृत प्यायला, सूर्यचंद्रांनी ओळखून चुगली केली, मोहिनीरूप विष्णूने त्याचे शिर उडवले. अमृत गळ्यापर्यंत गेले असल्याने शिर अमर झाले, आणि तेव्हापासून तो सूर्यचंद्रांना गिळतो. धड नसल्याने गिळलेले बाहेर पडते. कथेची ही शेवटची खुबी महत्त्वाची आहे. गिळणारा आहे, पण पचवणारे पोट नाही. ग्रहण सुटते ते म्हणून. महाराष्ट्रात ही कथा गोदावरी आणि प्रवरेच्या काठी उतरली आहे. नेवाशात मोहिनीराजाचे मंदिर आहे, अमृताची पंगत तिथेच बसली असे लोक सांगतात. राहूचे शिर पडले ती राहुरी आणि काया पडली ते कायगाव, अशी गावनावांची लोकव्युत्पत्तीही ऐकायला मिळते.

ज्योतिष्यांनी राहूला रजा देण्याचा प्रयत्न लवकरच केला. आर्यभटाने ‘आर्यभटीय’ या ग्रंथात चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची छाया चंद्राला झाकते हे स्वच्छ सांगितले. ग्रंथाचा काळ इ. स. ४९९ च्या आसपासचा. वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त राहूवर एक अख्खा अध्याय लिहिला आणि त्यात राहू हे ग्रहणाचे कारण नव्हे असे युक्तिवादाने दाखवले. ६२८ साली ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ लिहिणारा ब्रह्मगुप्त गणितात दोघांनाही भारी होता, पण वेद-स्मृतींशी विरोध नको म्हणून त्याने या मताबद्दल त्यांनाच दोष दिला, आणि स्वतःचे गणित मात्र सावलीवरूनच केले. अकराव्या शतकात भारताविषयी लिहिताना अल्-बिरुनीला याचे भारी नवल वाटले होते. इतका मोठा गणिती असे का लिहितो, हे कोडे त्याला पडले. ते कोडे ब्रह्मगुप्तापुरते नव्हते. पंचांगात ग्रहणाच्या वेळा सावलीच्या गणिताने काढायच्या आणि त्याच पानावर दानधर्म राहूच्या हिशेबाने सांगायचे, हा समझोता आजवर टिकून आहे.

मराठी मुलखात हे गणित प्रामुख्याने ‘ग्रहलाघव’ या ग्रंथावरून होई. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने तो शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली रचला. ज्या-कोटिज्येची क्लिष्ट गणिते टाळून साध्या गुणाकार-भागाकारांनी ग्रहस्थिती काढण्याची सोय त्यात असल्याने तो पंचांगकर्त्यांच्या घरोघरी गेला. कालांतराने गणित आणि आकाश यांत अंतर पडू लागले. एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्रे यांनी युरोपीय आधारावर ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ केली, आणि शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या १८९६ च्या ग्रंथाने या साऱ्या परंपरेचा इतिहास मराठीत मांडला. पंचांगातली चूक ग्रहणाने उघडी पडते. तिथी पाच घटकांनी चुकली तर कोणाच्या ध्यानात येत नाही, पण सांगितलेल्या वेळी चंद्र काळवंडला नाही तर सारा गाव पाहत असतो.

साहित्यात ग्रहण या दोन्ही ज्ञानांतून आले, राहूच्या आणि सावलीच्या. संस्कृत कवींनी या शब्दाचा जो उपयोग केला त्यात एक गोष्ट ठळक दिसते: त्यांना ग्रहण सुटण्याचे आकर्षण लागण्याइतकेच, बहुधा जास्तच होते. वाल्मीकींच्या सुंदरकांडात अशोकवनातल्या सीतेला शुभशकुन होतात तेव्हा तिचा चेहरा राहूच्या मुखातून सुटलेल्या चंद्रासारखा दिसतो. रावणाच्या कैदेचे वर्णन करायला राहू सोपा होता. कवी त्यावरच थांबला नाही, सुटकेच्या पहिल्या चाहुलीसाठीही त्याने राहूच योजला.

कालिदासाने हेच अधिक नाजूकपणे केले. ‘शाकुंतला’च्या सातव्या अंकात दुष्यंताला शकुंतला पुन्हा भेटते. मधल्या काळात शापाने त्याची स्मृती झाकोळलेली होती. तो आपल्या विस्मरणाला ग्रहणाची उपमा देतो: ग्रहण संपले आणि रोहिणी चंद्राला येऊन मिळाली. इथे कालिदासाने वापरलेला शब्द ‘उपराग’ आहे. राग म्हणजे रंग. वरून चढलेला रंग तो उपराग. खग्रास चंद्रग्रहणात चंद्र नाहीसा होत नाही, तांब्यासारखा लालसर दिसतो, कारण पृथ्वीच्या वातावरणातून वळलेला तांबडा प्रकाश सावलीतही त्याच्यापर्यंत पोचत असतो. दुष्यंताची स्मृती नष्ट झाली नव्हती, तिच्यावर दुसराच रंग चढला होता. ‘ग्रास’ हा शब्द इथे चालला नसता.

‘रघुवंशा’च्या चौदाव्या सर्गातली उपमा त्याहून धारदार आहे. सीता निर्दोष आहे हे माहीत असूनही लोकापवादाला भिऊन तिचा त्याग करणारा राम भावांना म्हणतो की पृथ्वीची सावली हीच लोकांनी शुद्ध चंद्राचा कलंक ठरवली आहे. काही टीकाकार इथे चंद्रावरचा डाग पाहतात, काही ग्रहण. ग्रहणाचा अर्थ घेतला तर ही उपमा शास्त्राच्या आधाराशिवाय उभीच राहत नाही. राहू चंद्राला गिळतो म्हटले असते तर दोष राहूचा झाला असता. सावली आपल्याच पृथ्वीची म्हटल्यावर दोष पाहणाऱ्यांच्या पायाखालच्या जमिनीचा होतो. लोक ज्याला चंद्राचा मळ म्हणतात तो त्यांचाच आहे. वैज्ञानिक अर्थ जितका नेमका तितकी उपमा खोल, याचे यापेक्षा चांगले उदाहरण देणे कठीण आहे. आणि तरीही राम त्याग करतोच, ही त्या प्रसंगाची वेदना.

विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षसा’चा तर पडदाच ग्रहणाच्या श्लेषाने उघडतो. सूत्रधाराच्या घरी स्वयंपाकाची धांदल आहे, कारण आज चंद्रग्रहण आहे असे कोणीतरी त्याच्या बायकोला सांगितले आहे. सूत्रधार ज्योतिषाचा जाणकार. तो म्हणतो, क्रूर ग्रह केतू पूर्णमंडल चंद्राला बळाने झाकू पाहतो आहे खरा, पण बुधाचा योग त्याचे रक्षण करतो. तोच पडद्याआडून चाणक्याचा गरजता आवाज येतो: मी जिवंत असताना चंद्राला कोण दडपू पाहतो? सूत्रधाराच्या त्या एका वाक्यातला प्रत्येक शब्द दुहेरी आहे. चंद्र म्हणजे चंद्रगुप्त, केतू म्हणजे मलयकेतू, मंडल म्हणजे बिंब आणि राज्यमंडलही, बुध म्हणजे ग्रह आणि शहाणा माणूस, अर्थात चाणक्य. पुढच्या सात अंकांचे राजकारण त्यात आले आहे. घरातली ग्रहणाची गोष्ट चाणक्याच्या कानावर राजद्रोह म्हणून पडते, आणि नाटक सुरू होते.

यातला विनोद ज्योतिषाच्या बाजूने पाहिल्यास आणखी खुलतो. बुध सूर्यापासून २८ अंशांच्या पलीकडे फारसा जातच नाही, आणि चंद्रग्रहणाच्या वेळी चंद्र सूर्याच्या बरोबर समोर, १८० अंशांवर असतो. योग याचा अर्थ आकाशातली जवळीक असा घेतला तर तसा योग ग्रहणाच्या रात्री शक्यच नाही. श्लेष साधला तो गणिताला बाजूला सारून. न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी १८८४ मध्ये मुंबईहून या नाटकाची संपादित आवृत्ती काढली तेव्हापासून त्याच्या काळाविषयी पुष्कळ वाद झाले. हेर्मान याकोबी या जर्मन पंडिताने या ओळीतले ग्रहण खरे धरून ते २ डिसेंबर ८६० चे असल्याचे गणित मांडले. पण सूत्रधार तर ग्रहण होणार नाही असे सांगतो आहे! जे ग्रहण पात्राच्या तोंडून नाकारले गेले आणि जे मुळात शब्दखेळासाठी आले, त्याची तारीख काढणे म्हणजे म्हणीतल्या उंटाचे वजन करण्यासारखे आहे.

असा उलटा प्रवास, लक्ष्यार्थाचा ओढून वाच्यार्थ करण्याचा, ग्रहणाच्या बाबतीत वारंवार होतो. जयद्रथवधाच्या दिवशी श्रीकृष्णाने सूर्य झाकला, ही द्रोणपर्वातली कथा. तिथे अंधार योगबळाने निर्माण केला असे सांगितले आहे. तरी ते खग्रास सूर्यग्रहणच होते असे मानून महाभारत युद्धाची तारीख काढण्याचे प्रयत्न अनेकांनी केले. सूर्य मावळला असे वाटून बेसावध झालेला जयद्रथ पुन्हा झळकलेल्या सूर्याच्या उजेडात मारला जातो, हे कथेचे नाट्य आहे. ते गणिताला पुरावा देण्यासाठी रचलेले नाही.

ग्रीकांनी याच घटनेला दिलेल्या नावाचा मूळ अर्थ सोडून जाणे, उणे पडणे असा आहे. इंग्रजीतला ‘एक्लिप्स’ तिथून आला. आपल्याकडे सूर्याला कोणीतरी धरतो, तिकडे सूर्य माणसांना सोडून जातो. लाक्षणिक अर्थही त्याप्रमाणे वेगळे वळले. इंग्रजीत एक माणूस दुसऱ्याला ‘एक्लिप्स’ करतो तेव्हा तो त्याच्याहून जास्त चमकतो. मराठीत कोणी कोणाला ग्रहण लावले तर चमकण्याचा प्रश्नच येत नाही. त्या इंग्रजी अर्थासाठी मराठीत ‘झाकोळून टाकणे’ किंवा ‘निष्प्रभ करणे’ म्हणावे लागते. भाषांतर करणारे इथे हमखास अडखळतात.

पश्चिमेकडच्या इतिहासलेखनात आणि कादंबऱ्यांत ग्रहण रूपकापेक्षा कथानकाचे यंत्र म्हणून जास्त आले. थ्युसिडिडिसने सांगितलेली इ. स. पूर्व ४१३ ची हकीकत प्रसिद्ध आहे: सिराक्यूजहून निघायच्या तयारीत असलेल्या अथेन्सच्या सैन्याने चंद्रग्रहण पाहिले, ज्योतिष्यांनी तीन वेळा नऊ दिवस थांबायला सांगितले, सेनापती निकियस थांबला आणि सारे सैन्य गमावून बसला. उलट बाजूने, १५०४ साली जमैकात अडकलेल्या कोलंबसाने पंचांगात पाहून चंद्रग्रहणाची धमकी दिली आणि तिथल्या रहिवाशांकडून अन्न मिळवले. या प्रसंगाने पुढे कादंबरीकारांना एक तयार कुलूपकिल्ली दिली. मार्क ट्वेनच्या १८८९ च्या कादंबरीतला अमेरिकन मनुष्य आर्थर राजाच्या दरबारात जळण्यापासून वाचतो तो सूर्यग्रहण आधीच ठाऊक असल्याने. रायडर हॅगर्डने ‘किंग सॉलोमन्स माइन्स’ या १८८५ च्या कादंबरीत हाच डाव आफ्रिकेत खेळवला, पण पौर्णिमेच्या सुमारास सूर्यग्रहण घातले आणि अंधारही मिनिटांऐवजी भलताच लांबवला. पुढच्या आवृत्त्यांत त्याला सूर्यग्रहण काढून चंद्रग्रहण घालावे लागले. या साऱ्या गोष्टींत ग्रहण जाणणारा शहाणा आणि न जाणणारा भोळा ‘रानटी’ अशी वाटणी ठरलेली असते. जगातल्या पुष्कळ जुन्या संस्कृती ग्रहणांच्या नोंदी युरोपाच्या कितीतरी आधीपासून ठेवत होत्या, हे त्या लेखकांच्या सोयीचे नव्हते.

महाराष्ट्रात ग्रहण वाच्यार्थाने जगले ते मुख्यतः दानाचे पर्व म्हणून. ग्रहणकाळी दिलेले दान अक्षय, या श्रद्धेमुळे राजांनी जमिनी दिल्या आणि ताम्रपटांवर ग्रहणाची नोंद केली. आज इतिहासकार त्या नोंदींवरून शकाची तपासणी करतात. त्यातली काही ग्रहणे त्या ठिकाणाहून दिसलीही नसतील, गणितावरून ती मानली गेली. १६६५ च्या जानेवारीत सूर्यग्रहणाच्या पर्वावर शिवाजी महाराजांनी महाबळेश्वरी जिजाबाईंची आणि सोनोपंत डबीरांची सुवर्णतुला केली. राजांचे दान ताम्रपटावर राहिले. गावकुसाबाहेरच्या माणसांनी ग्रहण सुटताना रस्त्यारस्त्यांतून मागितलेल्या दानाची कुठे नोंद नाही, पण त्यांची हाक भाषेत राहिली: ‘दे दान, सुटे गिराण’. राहू-केतूंचे नाते गावाने मांग समाजाशी जोडले होते, म्हणून ग्रहणाचे दान त्यांचे. आकाशातल्या सावलीची जात ठरवणारी ही व्यवस्था होती. त्या हाकेकडे नुसती लोकसाहित्याची गोडी म्हणून पाहता येत नाही.

याच भूमीवरून ग्रहणाने विज्ञानालाही बरेच काही दिले. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची सावली भारतावरून गेली. आंध्रातल्या गुंटूरला जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने सूर्यज्वालांच्या वर्णपटाचे निरीक्षण केले. त्या काळात दिसलेली एक पिवळी रेषा ओळखीच्या कोणत्याही मूलद्रव्याशी जुळेना. इंग्लंडात नॉर्मन लॉकियर यांनी ग्रहणाशिवायही ती पाहिली, आणि त्या अज्ञात द्रव्याला सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम हे नाव पडले. लॉकियर विजयदुर्ग किल्ल्यावर आले ते तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. त्याच ग्रहणाला पुण्याच्या वेधशाळेचे कावसजी दादाभाई नेगमवाला सोलापूरकडच्या जेऊरला दुर्बिणी घेऊन गेले होते. ‘हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला’ असे कोकणात अभिमानाने सांगितले जाते. दोन ग्रहणे एकमेकांत मिसळून ती आख्यायिका झाली आहे. किल्ल्याला १८९८ चा मान पुरेसा आहे.

एकीकडे असे वेध घेतले जात असताना घरोघरी ग्रहण ‘पाळले’ जात होते. पाण्यावर दर्भ, दुधादह्यावर तुळशीपत्र, गरोदर बाईने चिरायचे नाही, कापायचे नाही. १६ फेब्रुवारी १९८० च्या ग्रहणात दुपारी शहरांतले रस्ते ओस पडले होते. २४ ऑक्टोबर १९९५ ला दूरदर्शनने खग्रास ग्रहण थेट दाखवले तेव्हा चित्र थोडे बदललेले होते, आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते ग्रहणकाळात मुद्दाम सामुदायिक खाण्यापिण्याचे कार्यक्रम करू लागले. वाच्यार्थातली भीती अशी ओसरत गेली. लक्ष्यार्थात मात्र ती शाबूत राहिली.

आजच्या मराठीत, विशेषतः वर्तमानपत्री मराठीत, ग्रहण म्हणजे न संपणारा अडथळा. रस्त्याला खड्ड्यांचे ग्रहण, शिक्षणाला भ्रष्टाचाराचे ग्रहण, संघाला दुखापतींचे ग्रहण. काटेकोरपणे पाहिले तर या सगळ्या उपमा चुकीच्या आहेत. ग्रहण वेळापत्रकाने येते, खड्डे येत नाहीत. ग्रहण काही मिनिटांत किंवा तासांत कोणी काही न करता सुटते. भ्रष्टाचार तसा सुटत नाही. आणि ग्रहण सुटल्यावर सूर्याचे काहीही कमी झालेले नसते. वर्षानुवर्षे रखडलेल्या धरणाला ग्रहण लागले म्हणणे म्हणजे नकळत कंत्राटदाराला दोषमुक्त करणे होय: सावली आली, कोणाचा इलाज नव्हता. ‘लागणे’ या क्रियापदाने कर्ता लपवण्याची सोय केली आणि मथळे लिहिणाऱ्यांना ती आवडली. संस्कृत कवींनी स्पर्शापासून मोक्षापर्यंत सारे ग्रहण वापरले. आजच्या लेखणीने त्यातला स्पर्श तेवढा घेतला. ही उपमा जिथे खरोखर बसते अशा जागा थोड्या नाहीत: तात्पुरते आलेले आजारपण, गैरसमजाने दुरावलेली मैत्री, खोट्या आरोपाने काही काळ झाकलेला माणूस. ज्याचे मूळ तेज शिल्लक आहे त्यालाच ग्रहण लागू शकते.

ग्रहणाच्या परिवारातला एक शब्द मात्र याच काळात आश्चर्यकारकरीत्या उजळला. तो म्हणजे वेध. ‘व्यध्’, म्हणजे भेदणे या धातूपासून तो आला. नेम धरणे, दुर्बिणीतून निरीक्षण करणे आणि ग्रहणाआधीचा उपवासाचा काळ असे त्याचे तीन वेगळे अर्थ झाले. वेधशाळा दुसऱ्या अर्थाची. तिसऱ्या अर्थाने सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहर आधी आणि चंद्रग्रहणाचे तीन प्रहर आधी लागतात, आणि वेध लागले की जेवण बंद. अशुभाच्या वाट पाहण्याचा हा शब्द बोलीत पालटला. आता मुलांना मेच्या सुट्टीचे वेध लागतात, वारकऱ्यांना आषाढीचे, कार्यकर्त्यांना निवडणुकीचे. उपाशी राहून वाट पाहणे संपले, नुसती आतुरता उरली. कोणा एका लेखकाने हे केले नाही. बोलणाऱ्यांनी ग्रहणातली भीती गाळून अपेक्षा ठेवून घेतली, आणि जे वर्तमानपत्रांना ग्रहणाबाबत जमले नाही ते बोलीने वेधाबाबत सहज करून टाकले.

इजिप्त, अरबस्तान आणि सोमालियावरून जाणारे यापुढचे एक मोठे खग्रास सूर्यग्रहण २ ऑगस्ट २०२७ रोजी आहे. पश्चिम भारतातून ते दिवस कलताना खंडग्रास दिसेल, ऑगस्टच्या ढगांनी वाट दिली तर.